सावडीतला राहिलेला दिवस

गोदे,

दर दिवाळीला तू माझ्या मागं लागायचीस, “तू लिव्हतीस चांगलं. माझ्यावर लिव्ह की एकदा.” परभणीच्या पेपरात माझं दोन-चार वेळा काहीबाही छापून आलं, तेवढ्यावर तू मला लेखिका करून टाकलं होतंस. मी म्हणायचे, “तू मेल्यावर लिव्हीन. जित्तेपनी खरं लिव्हलं तर खुरपं घेऊन अंगावर येशील.” त्यावर तू अशी हसायचीस की शेजारच्या रानातली माणसं मान वर करून बघायची. घे, बसले लिहायला. तुला जाऊन आठवडाही झाला नाही, आणि अंगावर यायला आता तू नाहीस.

तू कुठं जन्मलीस, कुणाची लेक, तुझ्या मागं किती माणसं आहेत, हे मी लिहिणार नाही. ते सगळं तुझ्या बालाजीनं चौकातल्या बॅनरवर छापलंय. खालच्या बाजूला तुमच्या समाजाच्या पुढाऱ्यांचे फोटो आहेत, त्यातल्या एकानंही तुझ्या हातची भाकरी खाल्लेली नाही. मधे तुझा मोठा फोटो. तो बघून मला हसू आलं आणि मग तिथंच उभ्या उभ्या रडू आलं. फोटो तुझ्या लेकीच्या लग्नातला आहे, चुडावा गावच्या मांडवातला. तुझ्या शेजारी मी उभी होते. छापणाऱ्यानं मला कापून टाकलं, पण तुझ्या खांद्यावर ठेवलेला माझा हात त्याला पुरता कापता आला नाही. चार बोटं राहिलीत. कुणाची ते गावात फार जणांना ओळखू यायचं नाही.

तुझं आडनाव मी लिहिणार नाही, माझंही नाही. वाचणारा आधी तेच शोधील, आणि सापडलं की पुढचं सगळं आपल्याला कळलं असं समजेल. गेल्या दहा वर्षांत आपल्याकडं माणसं अशीच वाचली जातात.

सावड म्हणजे काय, हे आता पोरांना समजावून सांगावं लागतं. आपण दोघी एकाच वर्षी या गल्लीत सुना म्हणून आलो. दोघींच्या घरी जमीन थोडी, मजुरीनं बाया लावायची ऐपत नाही, आणि दोन्ही रानांच्या मधे एकच धुरा, म्हणजे बांध. मग आज तू माझ्या रानात खुरपायला, उद्या मी तुझ्या. दिवसाला दिवस. कुठं लिहून ठेवायचं नाही, कुणाला साक्षीला ठेवायचं नाही. कुणाचा दिवस कुणावर चढलाय हे दोघींच्या ध्यानात असायचं, आणि भांडण झालंच तर ते ‘माझा न्हाई, तुझाच दिवस माझ्यावर हाय’ असं उलटं व्हायचं.

तुझा हात माझ्यापेक्षा जलद. तू आपली पात, म्हणजे खुरपायला घेतलेली ओळ, संपवून पलीकडच्या टोकानं माझ्या पातीत शिरायचीस आणि शिव्या देत देत माझ्याकडं यायचीस. “लिव्हणारीचा हात हाय ह्यो, गवताला गोंजारायलाय,” म्हणायचीस. लिंबाच्या सावलीला एकच झोळी बांधलेली असायची, तिच्यात तुझा बालाजी आणि माझा माधव पायाला पाय लावून झोपलेले. रडायचा आवाज आला की आपण कोण रडतंय ते ऐकून उठायचो नाही, जिची पात झाडाच्या जवळ ती उठायची.

धुऱ्यावर दर साली वाळकाचा वेल यायचा. कुणी लावायचं नाही, आपसूक यायचा. एकदा एक वाळूक तुझ्या बाजूला लोंबत होतं, म्हणून मी म्हटलं, हे तुझं. तर तू केवढी चिडलीस. “तुपलं-मपलं काय करायलीस गं? आपन खायचं.” आणि खुरप्यानंच त्याच्या दोन फोडी केल्यास. तुझ्या तोंडात ‘आपन’ फार. आपन बाजारला जाऊ, आपन पोरायला एकाच शाळेत घालू, आपल्या म्हशीला वासरू झालं. म्हैस तुझी, माझी नव्हती.

मग ती वर्षं आली. आमच्या समाजाचा पहिला मोठा मोर्चा परभणीत निघाला तेव्हा गावातून गाड्या भरून गेल्या. मी पण निघाले. आदल्या दिवशी तू विचारलंस, “काय मागायलेत?” मी सांगितलं, आरक्षण मागायलेत, पोरांच्या नोकरीसाठी. तू माझ्या फडक्यात दशम्या बांधून दिल्यास आणि म्हणालीस, “जा, माग तुपलं. मिळालं तर मला बी आन पसाभर.” मी हसत हसत गाडीत बसले. त्या दिवशी माझ्या घरचं शेणपाणी तू केलंस.

पुढं तुमच्या समाजाचा मोर्चा निघाला. आम्हाला दिलं तर तुमच्या ताटातलं जाईल, म्हणून. तेव्हा दशम्या मी केल्या. तुझ्या म्हशीची धार काढायला बसले तर तिनं लाथ मारली. तू आल्यावर मी म्हटलं, “तुझी म्हैस लय जातीवर गेली गं.” दोघी पोट धरून हसलो. तेव्हा अजून हसता येत होतं, एवढं मला नोंदवून ठेवायचंय.

नंतर हसणं कसं कमी झालं ते कुणालाच नेमकं सांगता यायचं नाही. आधी रामराम गेला. समोरून माणूस आला की त्याच्या समाजाचा जयजयकार करायचा की आपल्या, याचा विचार करण्यात तो पुढं निघून जायचा. गावाचा मोबाईलवरचा एक ग्रुप होता, त्याचे दोन झाले. वेशीवर पुढाऱ्यांना गावबंदीचा बोर्ड लागला, आणि पुढारी बाहेर राहिले तरी त्यांचं बोलणं मोबाईलमधून घराघरांत येऊन बसलं. संक्रांतीची हळदीकुंकवं दोन ठिकाणी व्हायला लागली. किराणा कुणाकडून घ्यायचा, केस कुणाकडं कापायचे, हेसुद्धा ठरायला लागलं. तणनाशक आलं म्हणून सावडी मोडल्या असत्या तर मला वाईट वाटलं नसतं. काळ बदलतो म्हटलं असतं. पण आपल्या गावात फवारणी परवडत नसलेल्या घरांच्या सावडीसुद्धा मोडल्या.

आपली तरी टिकली होती. टिकली होती म्हणजे आपण राजकारणावर बोलत नव्हतो. तुला न बोलता खुरपायची सवय नव्हती, तुझे हाल व्हायचे. आणि एक दिवस कपाशीत, दुपारची भाकरी खाऊन परत पातीला बसल्यावर, तू एकदम बोललीस.

“इंदे, आमचं काढून घेऊन तुमाला काय मिळनार गं?”

माझा हात थांबला. ‘आमचं’ आणि ‘तुमाला’ हे शब्द मी रोज ऐकत होते, टीव्हीवर, चौकात, माझ्या स्वतःच्या घरात. तुझ्या तोंडून पहिल्यांदा ऐकले.

“आमी कोन आन तुमी कोन, गोदे?”

“उगं समजत न्हाई असं करू नको. तुमच्याकडं पाटीलक्या व्हत्या.”

“कुठाय पाटीलकी? दाव मला. तुझ्या बरोबरीनं उन्हात बसून गवत काढायलेय मी.”

“तू काढायलीस. समदे न्हाईत काढायले.”

“आन तुमच्यातले पुढारी? ते काढायलेत व्हय?”

तू खुरपं मातीत रोवलंस. “माझ्या बालाजीला लागली नोकरी तर त्यानंच लागंल. एवढं एकच दार हाय आमाला. त्यात बी गर्दी करायलीत तुमी.”

“आन माझ्या माधवला कोनतं दार हाय?”

आजही मला वाटतं, आपण दोघी खरं बोलत होतो, आणि म्हणूनच ते भांडण मिटण्यासारखं नव्हतं. दिवस मावळेपर्यंत आपण शेजारच्या पातींत बसून गवत काढलं. तू तुझी पात संपल्यावर पलीकडून माझ्या पातीत शिरलीस. शिव्या मात्र दिल्या नाहीस.

आपल्या पोरांचं तेव्हा काय चाललं होतं, तर दोघं रोज पहाटे जिंतूरच्या रस्त्यानं पळत होते. पोलीस भरतीची तयारी. बाहेर दोन झेंडे, दोन ग्रुप, आणि ही दोघं एकाच मोबाईलवर वेळ लावून पळायची. त्यांच्याकडं बघून मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसांनी काहीही करू द्या, पोरं निभावून नेतील. माझा अंदाज चुकला.

चौकात कमान कुणाची उभी राहणार यावरून दगड चालले. एकाचं डोकं फुटलं, पोलिसांची गाडी आली, दोन्हीकडच्या पोरांवर गुन्हे दाखल झाले. त्यात बालाजीचं नाव होतं. माधवचं नव्हतं. तू आमच्या दारात आलीस. आत ये म्हटलं तर आली नाहीस.

“माधवला इचार, माझ्या बालाजीचं नाव कुनी दिलं.”

“इचारलंय. त्यानं न्हाई दिलं. त्यो गावात बी नव्हता, जिंतूरला गेलता खताला.”

“तुझं लेकरू तुला खरं सांगतं व्हय?”

“आन तुझं सांगतं?”

माधवच्या खिशात बसचं तिकीट होतं. मी ते तुझ्यासमोर धरू शकले असते. पण तुला तिकीट दाखवायचं? जिच्या झोळीत माझं लेकरू झोपलं तिला? तुझा माझ्या शब्दावर विश्वास नव्हता, तर कागदावर बसला असता तरी मला तो नको होता. हे मी आजही तसंच म्हणेन. तू विचारायला नको होतंस, गोदे. तुझा जीव जळत होता हे मला कळत होतं, पोराची भरती गेली हे दिसत होतं, तरी तू ते विचारायला नको होतंस.

“उद्यापसून रानात येऊ नको,” तू म्हणालीस. “मी बी यायची न्हाई. तुझा एक दिवस हाय माझ्यावर. त्याचं मी बघते.”

मी म्हटलं, “ठिव तुपला दिवस तुपल्यापाशी.”

आपली सावड मोडली ती अशी. बालाजीचं नाव कुणी दिलं, हे मला अजून माहीत नाही. आरक्षणाचं काय झालं ते पेपरवाले सांगतील, रोज वेगळं सांगतात. आपल्या दोन घरांत काय झालं तेवढं मला माहीत आहे. बालाजी चाकणला एका कंपनीत कंत्राटावर आहे. माधव दुसऱ्याची पिकअप चालवतो. पहाटे त्या रस्त्यानं आता कुणी पळत नाही.

नंतर आपण एकमेकींकडं पाठ करून खुरपलं. तू धुऱ्यापर्यंत यायचीस, मी धुऱ्यापर्यंत यायचे, आणि मधल्या पट्ट्याला कुणीच हात लावायचं नाही. तो माझा म्हणावा तर तुझा वाटायचा. तिथं हराळी माजली, गाजरगवत कमरेला लागलं. दोन्ही घरचे पुरुष म्हणायचे, एवढा धुरा साफ करा. आपण दोघी ऐकलं न ऐकलं करायचो. टाकीवर पाणी भरताना तू आलीस की मी नळाकडं बघायचे. तू मोठ्यानं दुसऱ्या कुणाशी तरी बोलायचीस, आणि ते मला ऐकू यावं एवढ्या मोठ्यानं असायचं. तुझ्या लेकीला दिवस गेल्याचं मला असंच कळलं. मला फार आनंद झाला होता. तो मी घरी येऊन चुलीपाशी एकटीनं केला.

मागच्या साली माझा पाय मोडला. ऐन खुरपणीत मी प्लास्टर घालून बाजेवर. माधवनं कशाबशा दोन बाया मजुरीनं मिळवल्या, आणि त्या रानात गेल्या तर धुऱ्याकडून लिंबापर्यंतची कपाशी आधीच खुरपलेली. स्वच्छ. बाया म्हणाल्या, हे आमी न्हाई केलं. मला वाटलं माझ्या जावेनं केलं असेल. तिला विचारलं तर तिनं हो म्हटलं नाही, पण नाही असंही म्हटलं नाही, तिचा स्वभाव तुला माहीतच आहे. मी तिला पोरांसाठी शेंगदाण्याचे लाडूसुद्धा पाठवले. काठी टेकत पहिल्यांदा रानात गेले तेव्हा बघितलं, धुऱ्यावरचं सगळं गवत काढलेलं होतं आणि वाळकाचा वेल तेवढा राखलेला होता. मजुरीची बाई वेल राखत नाही. माझी जाऊही राखायची नाही. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं. कदाचित कळलं होतं, आणि चूक निघालं तर काय, म्हणून मी त्याच्याकडं जास्त बघितलं नाही.

तुला कावीळ झाल्याचं ऐकलं, मग परभणीला दवाखान्यात ठेवल्याचं ऐकलं. मी एसटीनं आले. बालाजीनं बाहेरची खुर्ची रिकामी करून दिली. आत गेले तेव्हा तू झोपेतच होतीस. तुझे हात केवढे बारीक झाले होते. मग तू डोळे उघडलेस, माझ्याकडं बघितलंस आणि विचारलंस, “पाऊस झाला का?” मी म्हटलं, “झाला.” तू डोळे मिटलेस. एवढंच आपलं शेवटचं बोलणं. मी किती काय काय ठरवून आले होते, बसमधे घोकत आले होते. तू मला ओळखलंस का, तेसुद्धा मला माहीत नाही. पावसाचं तर माणूस कुणालाही विचारतं.

आपल्या गावात जाळायच्या वेळी बायका जात नाहीत, तिसऱ्या दिवशी राख सावडायला जातात. मी लुगडं बदलून निघाले तेव्हा माधव म्हणाला, “आई, नको जाऊ. त्यांच्यातलेच राहतील तिथं. बोलतील काहीबाही.” मी म्हटलं, बोलू दे. मग त्यानंच पिकअप काढली, ओढ्यापर्यंत सोडलं, आणि तोंड रस्त्याकडं करून गाडीत बसून राहिला.

बोललेच. “ह्या कशाला आल्या?” असं एक जण म्हणाला, मला ऐकू येईल असं. तुझ्या मोठ्या जावेनं सरकून मला जागा दिली. राखेवर पाणी शिंपडलेलं होतं, सगळ्या बाया वाकून अस्थी वेचत होत्या, मडक्यात ठेवत होत्या. मी पण बसले. पातीला बसतो तशीच बसले, दुसरं बसणं मला येत नाही. आपल्या रानातली सावड आणि हे सावडणं, इतक्या वर्षांत हे दोन शब्द मी कधी शेजारी ठेवून बघितले नव्हते. माझ्या हाताला एक तुकडा लागला, बोटाच्या पेराएवढा, ओला. मी तो मडक्यात ठेवला. मग पुढचा शोधला. हात माझा सावकाशच चालतो, गोदे. पलीकडून शिव्या देत कुणी आलं नाही.

निघताना बालाजी जवळ आला. दाढी-डोकं केलेलं, त्यामुळं अगदी लहान दिसत होता. म्हणाला, “काकू, मागल्या साली तुमची कपाशी खुरपली न्हाई का लिंबापस्तोर, ती आईनं. उजाडायच्या आत गेलती. सांगू नको म्हनली व्हती कुनाला.”

मी त्याचा दंड धरला. “काय म्हनली रे? अजून काय म्हनली?”

तो जरा घुटमळला. खोटं बोलायचं त्याला येत नाही, तुझंच पोर. “म्हनली, एक दिवस ऱ्हायला व्हता त्यांचा. त्यांचं आपल्याकडं काई ऱ्हायला नको.”

हेच ते वाक्य, जे चार दिवस झाले माझ्या डोक्यातून जात नाही. तू मोडक्या पायाच्या बाईचं रान खुरपलंस, लपूनछपून, तुमच्यातल्यांनी बघितलं असतं तर तुला काय काय ऐकावं लागलं असतं हे माहीत असताना. वेल राखलास. आणि म्हणालीस, त्यांचं आपल्याकडं काही राहायला नको. बालाजीला वाटलं तो मला समाधानाची गोष्ट सांगतोय. मी उभी राहून ‘त्यांचं’ आणि ‘आपल्याकडं’ हे दोन शब्द उलटसुलट करत होते. तुझ्या ‘आपल्या’त मी शेवटी नव्हते का, गोदे? दुसऱ्या समाजाच्या बाईचा उपकार अंगावर नको, म्हणून फेडलास का तो दिवस? की माझ्यावाचून तुला करमत नव्हतं आणि माझ्या रानात यायला तुला काहीतरी निमित्त पाहिजे होतं? पोरासमोर एक बोलायचं आणि मनात दुसरं ठेवायचं, हे तुला जमायचं, मला माहीत आहे. पण कोणतं खरं, ते सांगायला तू नाहीस. मला राग येतोय तुझ्यावर. एक दिवसाचं काम केलंस, बरोबर लिंबापर्यंत, एक पात जास्त नाही की कमी नाही, आणि माझ्यापासून मोकळी झालीस, आणि मला कळूही दिलं नाहीस. मला कळलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी तुझ्या रानात आले असते. प्लास्टर घालून आले असते. म्हणूनच सांगितलं नाहीस का?

मी तुझे आभार मानायला बसले होते आणि भांडायला लागले. आपलं असंच आहे. आभार मानते, ऐक. माझ्या लेकराला झोका दिलास, माझ्या मोर्चाला दशम्या दिल्यास, वाळकाची अर्धी फोड दिलीस. या दहा वर्षांनी आपल्या गावाला काय दिलं, याचे हिशोब शहाणे लोक मांडत राहतील. माझ्यापुरतं मी सांगते, या वर्षांनी मला ‘आमी’ म्हणायला शिकवलं आणि आपन म्हणणारी बाई नेली.

पण एक गोष्ट तुझ्या ध्यानात आली नाही. सावडीचा नियम तूच मला शिकवला होतास. जिच्या कामाला दुसरी गेली, तिच्यावर दिवस चढतो. तू सगळं फेडून, मोकळी होऊन गेलीस खरी, पण तिसऱ्या दिवशी मी तुझ्या सावडण्याला आले. तुझ्या माणसांत बसून, वाकून, माझ्या सावकाश हातानं तुला वेचलं. आता माझा एक दिवस पुन्हा तुझ्यावर आहे, आणि उजाडायच्या आत गुपचूप येऊन तो फेडणं तुला जमायचं नाही.

राहू दे तसाच, गोदे. माझं काहीतरी तुझ्याकडं राहू दे.